छातीत दुखल्यावर पुणे गाठायचं नसतं

"बायपासची सोय नसलेल्या दवाखान्यात अँजिओप्लास्टी म्हणजे मरणाला निमंत्रण. फुगा फुगवताना नस फुटली तर वाचवायला सर्जनच नसतो. अमेरिकेत याला बंदी आहे. छातीत दुखलं की जवळचे दवाखाने टाळा, थेट पुणे गाठा, वाटेत जोरजोरात खोकत राहा."

हा मेसेज कर्नाटकातल्या निपाणी-संकेश्वरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाची अडलेली नस आतून फुगा फुगवून उघडणं, बायपास म्हणजे ऑपरेशन करून रक्ताला दुसरी वाट करून देणं. माझ्या मामांनी तो वाचून घरात बजावलंय, "मला काही झालं तर इथं कुठं नेऊ नका, पुण्यालाच न्या." मामांना शुगर आहे, बीपी आहे. त्यामुळे गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक ते "थेट पुणे". मोठ्या अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडलेली असते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. निपाणीहून पुणे म्हणजे चार-पाच तास. तोवर वाचवायला उरतं काय? उपचाराचा नियम असा : ईसीजीत असा अटॅक दिसल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती करायची, नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग पुढं हलवायचं. म्हणजे पहिलं काम जवळात जवळचा ईसीजी. कर्नाटकात पुनीत राजकुमार हृदयज्योती योजना आहे ती याचसाठी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला ईसीजी मोठ्या केंद्रातले तज्ज्ञ बघतात आणि गरज असेल तर टेनेक्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथंच फुकट मिळतं. त्यानंतर खानापूरच्या माणसानं बेळगावला जावं, अथणीच्या माणसानं मिरजेला, निपाणीच्या माणसानं कोल्हापूरला. ते जेमतेम ४० किलोमीटर आहे. राज्य कुठलं, हे त्या घडीला बघायचं नाही. १०८ ला फोन करायचा.

खोकण्याबद्दल एवढंच : खोकल्यानं गुठळी हलत नाही. दुखणाऱ्या हृदयावर ताण मात्र पडतो.

आता नस फुटण्याची भीती. क्वचित फुटते, खरं आहे. पण बहुतेक वेळा ती कॅथलॅबमध्येच, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतच, आवरता येते. फुगा तिथंच धरून ठेवतात, आवरण असलेला स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) टाकतात, हृदयाभोवती साचलेलं रक्त सुईनं काढतात. स्टेंट नव्हते तेव्हा फाटलेली नस बंद पडायची आणि रुग्णाला पळवत ऑपरेशनला न्यावं लागायचं. आज तातडीच्या बायपासची वेळ हजारात एक ते चार जणांवर येते.

अमेरिकेतल्या बंदीत अर्धं खरं आहे, तेवढं मानते. २००५ साली तिथल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी सर्जन नसलेल्या ठिकाणी ठरवून केलेली अँजिओप्लास्टी नको म्हटलं होतं. २०११ मध्ये त्यांनीच ती भूमिका सैल केली. पाठोपाठ २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सी-पोर्ट-ई ही चाचणी छापून आली. १८,८६७ रुग्ण, कोणी कुठं जायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. सहा आठवड्यांत मृत्यू सर्जन नसलेल्या दवाखान्यांत ०.९ टक्के, असलेल्या ठिकाणी १.० टक्के. नऊ महिन्यांत त्याच नसेवर पुन्हा उपचार करावे लागण्याचं प्रमाण मात्र सर्जन नसलेल्या ठिकाणी थोडं जास्त निघालं, ६.५ विरुद्ध ५.४ टक्के. मरणाचं निमंत्रण याला म्हणत नाहीत.

पण त्या चाचणीतले दवाखाने तयारीचे होते. गुंतागुंत झाली तर रुग्ण कुठं पाठवायचा हे आधीच लिहून ठरलेलं होतं. कुठल्याही नव्या कॅथलॅबला हे आकडे आपोआप लागू होत नाहीत. तेव्हा मामा, उद्या तुम्हाला ठरवून अँजिओप्लास्टी सांगितली तर विचारा : तुमचं कुठल्या सर्जनशी लेखी ठरलंय? अँब्युलन्स दारात असते का? डॉक्टर वर्षाला किती करतात? हृदयाच्या डाव्या मुख्य नसेतच ब्लॉकेज असेल किंवा पंपिंग फार कमी असेल, तर सर्जन असलेलं ठिकाणच निवडा. तेव्हा विचारायला वेळ असतो. पुण्यालाही जा हवं तर.