बचाव आहे, पण गोल कोण करणार?

आशिया चषकाच्या पात्रता फेरीत भारताचा फुटबॉल संघ ढाक्यात बांगलादेशाकडून एका गोलने हरल्याचा राग वाशीच्या मिनी सीशोअरच्या आमच्या कट्ट्यावर सगळ्यांनाच होता, पण तो कोणावर काढायचा यावर एकमत होईना.

अविनाशने नेहमीप्रमाणे प्रशिक्षकांपासून सुरुवात केली. खालिद जमील यांना आधीचे प्रशिक्षक मार्केझ यांच्या जागी पूर्वीच आणले असते तर आशिया चषकाची पात्रता हातची गेली नसती, असे त्याचे ठाम मत. "मध्य आशियाई देशांच्या काफा स्पर्धेत आपण ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे आलो. आपला बचाव भक्कम आहे."

"बचावाचे मान्य," नेरूळला शाळकरी मुलींना फुटबॉल शिकवणाऱ्या शिल्पाताई म्हणाल्या. "पण त्याच स्पर्धेत ताजिकिस्तानविरुद्धचे आपले दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे होते. सेंटरबॅकना, म्हणजे मधल्या बचावपटूंनाच गोल करावे लागत असतील, तर पुढची फळी कशासाठी उतरवायची?"

मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटते. आपला संघ मागे दाटीने उभा राहतो, चेंडू मिळताच कडेने खेळणाऱ्या छांगटेच्या वेगावर भिस्त ठेवून कडेने मुसंडी मारतो आणि कॉर्नर किंवा लांब थ्रो मिळाला की उंच बचावपटूंना पुढे धाडतो. वरचढ संघासमोर ही रीत कधीमधी तारून नेते, मात्र समोरचा संघच मागे सरकून चेंडू आपल्या पायाशी सोडतो तेव्हा त्याची फळी फोडणारा पास मिडफिल्डमधून निघत नाही आणि क्रॉस गेलाच तर त्यावर झेपावणारा कोणी नसतो. शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली, ती अशीच. मडगावात सिंगापूरविरुद्ध छांगटेने १४व्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली, तरी आपण १-२ असे हरलो. निलंबित झिंगन त्या दिवशी बाहेर होता, म्हणजे भक्कम बचावही एका माणसावर किती टेकलेला आहे ते दिसले.

"१९५६ला नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले होते," नाना म्हणाले. नाना कोणताही विषय मेलबर्न ऑलिंपिकपर्यंत नेतातच.

"नाना, ते गोल ढाक्यातल्या फलकावर लागत नाहीत," शिल्पाताई म्हणाल्या. "आयएसएलमधले, म्हणजे इंडियन सुपर लीगमधले क्लब नऊ नंबरला, म्हणजे गोल करणाऱ्या मुख्य जागेवर, परदेशी खेळाडू ठेवतात आणि आपली पोरे कडेला नाहीतर बाकावर बसतात. म्हणून तर जून २०२४मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला वयाच्या चाळिशीत परत बोलवावे लागले."

"मग उपाय सांगा ना, ताई!" अविनाश चिडला.

"मिडफिल्डरना पुढे घुसू द्या. आपल्या मुलींनी जुलै २०२५मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ने हरवले, तेव्हा दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते, आणि ती मिडफिल्डर आहे." मग त्यांचे जुने दुखणे वर आले. जानेवारी २०२२मध्ये महिला आशिया चषक आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर असताना, कोरोनामुळे पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत म्हणून यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. "माझ्या मुली रडल्या होत्या. तुमच्यापैकी कोणाला ते आठवत तरी होते का?"

कोणी उत्तर दिले नाही. अखेर नाना म्हणाले, "आपल्या अव्यालाच नऊ नंबरला पाठवू या. रविवारी टर्फवर तोही गोल करत नाही, पण प्रशिक्षक बदलायची मागणी मात्र दर आठवड्याला करतो."

अविनाशसकट सगळे हसले, आणि शिल्पाताईंच्या उपायावर त्या दिवशी पुढे कोणी बोलले नाही.