चौदा फुटी जर्मनचं पातेलं

मिनेसोटात एवढी तळी आणि आपल्याकडे साधी बोट नाही, हे बायकोच्या गळी उतरवून मी गेल्या वर्षी 14 फुटी सेकंडहँड अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतली. नारळी पौर्णिमेला साग्रसंगीत पूजा पण केली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, "अरे हे तर जर्मनचं पातेलं!" (आईच्या भाषेत अ‍ॅल्युमिनियम म्हणजे जर्मन.) झालं, तेच नाव पडलं.

या मे महिन्यात ताडपत्री काढली तर पातेलं करपलेलं. पाण्याच्या रेषेपर्यंत शेवाळ, तपकिरी राप, आणि नखाने खरवडलं तर खाली पांढरी भुकटी. शेजारचे म्हातारबुवा आले, टकटक वाजवून बघितलं आणि म्हणाले की हे धातू हवेत स्वतःच ऑक्साइडचा पापुद्रा धरतं, तोच त्याचं चिलखत, पण घाण बसली की खाली हवा पोचत नाही आणि मग बारीक बारीक खड्डे पडतात. फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं क्लीनर आण, पाणी घालून लाव, खालून वर लाव, सावलीत लाव, वाळायच्या आत धू. आणि हो, आत तांब्याचं नाणंबिणं पडलं असेल तर आधी काढ, ओलीत दोघं एकत्र आले की तांबं मजेत राहतं आणि अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

मी फक्त "लाव" एवढंच नीट ऐकलं.

रेनकोट, गमबूट, रबरी हातमोजे, गॉगल असं शिमग्याचं सोंग घेऊन ट्रेलरखाली उताणा झोपलो. ब्रश वर, थेंब खाली, ते थेट बाहीतून कोपरापर्यंत. एक बाजू लावून झाली आणि आईचा फोन. "जर्मनच्या पातेल्यात ताक ठेवलं तर आजी आम्हाला झोडायची, आणि तू अख्खं अ‍ॅसिड फासतोयस?" मग आजी, ताक, कोकणातलं लग्न, मामाचा गुडघा असं करत वीस मिनिटं गेली आणि तोवर ऊन फिरून त्या बाजूवर आलेलं. पाणी मारलं तर पांढरे ओघळ तसेच, एका अंगाने झेब्रा. आणि खालच्या सिमेंटवर जिथे जिथे अ‍ॅसिड सांडलं तिथे मात्र लख्ख गोरे ठिपके.

दुसरी बाजू मान खाली घालून, फोन घरात ठेवून केली, ती चांगली निघाली.

मग आतला कुजलेला पाला काढायला बायको आली. मागच्या सीटखाली हात घातला आणि गप्प झाली. बाहेर आला तो पूजेचा तांब्या, सासूबाईंनी दिलेला, ज्यासाठी अख्खा हिवाळा घर उलटंपालटं केलं होतं. जिथे तो बसला होता तिथे पांढऱ्या भुकटीचं एक गोल कडं, आणि कड्यात सुईएवढं भोक, त्यातून खालचं सिमेंट दिसत होतं.

बायकोने तांब्या आत नेला, चिंच-मीठ लावलं, आणि दोन मिनिटांत चकाचक करून देव्हाऱ्यात ठेवला.