मोठ्या माईची चूल आणि माझं लॉगिन

मी आर्वीकडची, नागपूरच्या मेडिकलला ऑक्युपेशनल थेरपी शिकले, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नोकरी करते. गावात अजूनही विचारतात, फिजिओ म्हणजे ना? तर नाही, लकव्यानंतर माणसाला परत आपल्या हातानं जेवता यावं, आंघोळ करता यावी, स्वयंपाक करता यावा, हे आमचं काम.

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या माईला लकवा झाला, डावी बाजू गेली. दवाखान्यातून सुट्टी देताना इंग्रजीत छापलेला एक कागद दिला, त्यात खुर्चीत बसून स्वयंपाक करा असं होतं. मोठी माय फोनवर म्हणते, "बाई, माही चूल त भुईवर हाय, खुर्चीवर बसून फुकू कशी मी?"

कागदातलं सगळं खरं आहे, पण ते इथल्या, इंग्लंडमधल्या घरांसाठी आहे. इथे पेशंटला घरी सोडायच्या आधी आम्ही त्याला किचनमध्ये चहा करायला लावतो, केटल भरता येते का, गरम कप टेबलापर्यंत नेता येतो का ते बघतो. मोठ्या माईला भाकर थापता येते का ते बघा ना!

असं काही शोधायचं तर आधी वाचायला मिळायला हवं, आणि भारतात सध्या त्यावरच, वन नेशन वन सबस्क्रिप्शन या योजनेवर, वाद चालू असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, सरकारी कॉलेजांना आणि संशोधन संस्थांना. कोणी म्हणतं फार मोठं काम झालं, कोणी म्हणतं एवढा पैसा प्रकाशकांना देण्यापेक्षा ओपन अ‍ॅक्सेसवर, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणाऱ्या संशोधनावर घाला. मला दोन्ही पटतं. पण माझी एक ज्युनियर तालुक्याच्या गावी एकटी प्रॅक्टिस करते, कॉलेज सुटलं तशी तिची लायब्ररीही सुटली, आणि या योजनेत ती कुठेच बसत नाही. रात्री तिचा मेसेज येतो, ताई, पेपर उघडत नाही, वरचा सारांशच दिसतो. सकाळी त्या सारांशाच्या भरवशावर ती पेशंट बघणार.

इथे एनएचएसचा माणूस खेड्यात घरोघरी फिरणारा असला तरी त्याला लॉगिनवर जर्नल्स मिळतात, उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेच्या गाइडलाइन्स कोणीही वाचाव्यात, आणि एका विषयावरचं सगळं संशोधन तपासून मांडणारे कॉक्रेनचे रिव्ह्यू इंग्लंडमध्ये घरबसल्या पूर्ण उघडतात. ज्याच्यासमोर पेशंट आहे त्याला वाचायला मिळालं पाहिजे, असा सरळ हिशोब. आपल्याकडे हिशोब संस्थेचा होतो, हे मला खटकतं.

पण खरं सांगायचं तर एवढं सगळं उघडं असून चुलीचं उत्तर मला त्यात सापडलं नाही, ते त्या ज्युनियरनंच काढलं. गवंड्याकडून विटा लावून चूल वर घेतली, समोर पक्कं स्टूल ठेवलं, परातीखाली ओलं फडकं, म्हणजे एका हातानं पीठ मळताना परात सरकत नाही. डाव्या हाताची मूठ जेमतेम वळते म्हणून फुंकणीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली, आणि त्या हाताला चटका कळत नाही म्हणून लाकडं फक्त उजवीकडून सारायची. बधिर हात कसा सांभाळायचा हे तर विदर्भाला नवीन नाही, वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोगानं बोटं गेलेल्या माणसांनी शेती केली, हातमाग चालवले. अवजार कसं धरायचं हे त्यांना विचारून कोणी किती लिहून ठेवलं?

आणि आपण या कामात मागून आलेलो नाही. कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईत केईएम हॉस्पिटलला ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, १९५२ मध्ये या कामाची जागतिक संघटना निघाली तेव्हा पहिल्या दहा देशांत भारत होता. भारतातल्या आपल्या थेरपिस्टांच्या संघटनेचं जर्नल फुकट वाचताही येतं, पण ते इंग्रजीत, आणि दिवसभर पेशंट बघणारी एकटी मुलगी इंग्रजीत पेपर लिहिणार कधी?

मी त्या ज्युनियरला म्हटलं, साध्या मराठीत लिही, मोजमापासकट. तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला, चूल किती विटा वर, स्टूल किती इंच, लाकडं कुठल्या बाजूनं, आणि खाली, "फोडणी सध्या सूनबाईनं द्यावी, तेल उडते." यवतमाळ, गडचिरोली, मेळघाटात कोणी असं काही करून बघितलं असेल तर तेवढंच एक पान मला पाठवा, आम्ही दोघी मिळून ते एकत्र लावतोय.