निकोबारी कबूतर डोडोचा वंशज नाही

हिरव्या-तांबूस चमकदार पिसांच्या, मानेवर लांब पिसांची झालर असलेल्या कबुतराचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. सोबतचा मजकूर म्हणतो की हा डोडोचा वंशज असून जगात फक्त निकोबारमध्येच उरला आहे. फोटो खरा आहे. मजकुरातली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

डोडो मॉरिशसचा, न उडणारा, सतराव्या शतकात नामशेष झालेला पक्षी. त्याचा वंश तिथेच खुंटला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात आज जिवंत असलेल्यांपैकी निकोबारी कबूतर डोडोचं सर्वांत जवळचं नातेवाईक ठरलं. म्हणजे दोघांचा पूर्वज एक, पण तो फार फार जुना. नातं चुलत घराण्याचं, बाप-लेकाचं नव्हे.

निकोबारी कबूतर हा पक्षी अंदमान-निकोबारपासून मलेशिया, इंडोनेशिया, थेट सॉलोमन बेटांपर्यंत आढळतो. छोट्या, निर्जन, दाट झाडीच्या बेटांवर तो वसाहतीने घरटी करतो, अंडं एकच घालतो. अन्नासाठी मात्र समुद्र ओलांडून दुसऱ्या बेटांवर जातो. जमिनीवर पडलेली फळं आणि बिया वेचतो. कठीण बियाही त्याच्या पोटातल्या खड्यांमुळे भरडल्या जातात. म्हणून एखादं बेट राखून भागत नाही, घरट्याचं आणि चाऱ्याचं अशी दोन्ही जंगलं टिकावी लागतात. जंगलतोड, शिकार, पिंजऱ्यासाठी पकडणं आणि माणसामागून बेटांवर पोचलेले उंदीर-मांजरं हे त्याचे खरे शत्रू. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेच्या यादीत तो ‘संकटसमीप’, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि मला वाटतं, फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.