बापूचा बंब आणि तीन हजारांची दिवाळी

"बंब काढतोय भंगारात," बापूने बसता बसता जाहीर केलं. टपरीवाल्याने अजून चहा गाळलाही नव्हता.

प्रकरण असं होतं. दिवाळी अडीच आठवड्यांवर आली होती आणि यंदा बापूच्या तिन्ही बहिणी भाऊबीजेला त्याच्याकडे उतरणार होत्या. वहिनींना त्याआधी हॉल जरा नवा दिसायला हवा होता. बजेट तीन हजार. मोबाइलवर कुणीतरी तांब्याच्या बंबाचा दिवा केलेला त्यांनी पाहिला आणि माळ्यावरचा बंब खाली उतरवला. पण तांब्याला किलोवर बरा भाव येतो असं भंगारवाल्याकडून कळलं, आणि बापूतला बँकवाला जागा झाला.

"आजीचा बंब?" पमी एकदम सरळ बसली. "थंडीत सगळी पोरं त्याच्याभोवती हात शेकत बसायचो तो?"

"तोच. वीस वर्षं माळ्यावर पडलाय. ना पाणी तापवतो ना भाडं देतो."

"अरे, मग दिवाच कर की."

इथे शिऱ्याने तोंड घातलं. शिऱ्या वायरमन, त्यामुळे दिव्याचा विषय त्याच्या हद्दीतला. "करू की. पण फुकटात होतो असं समजू नका. होल्डर, वायर, थ्री-पिन टॉप, वर शेड. आतली काजळी खरवडायची. बाहेरून चिंच-मिठाने घास नाहीतर पितांबरीने घास, वर क्लिअर लॅकर मारला नाही तर पंधरा दिवसांत पुन्हा काळा. माझी मजुरी सोडली तरी हजार-बाराशे कुठे गेले नाहीत. आणि मोबाइलवरचे ते लोक दोनच वायरी जोडतात. सबंध धातूचं धूड आहे ते! अर्थिंग जोडलं नाही आणि आत वायर सोलली गेली, तर भाऊबीजेला ओवाळणीऐवजी झटका."

"म्हणजे तीन हजारातले बाराशे एका दिव्यात," बापू म्हणाला. "त्यापेक्षा विकलेला बरा."

मास्तर इतका वेळ बशीतला चहा फुंकत होते. चित्रकलेचे मास्तर, आता निवृत्त, पण कट्ट्यावर अजून तपासणीच्या मूडमध्ये असतात. म्हणाले, "बापू, केळकर म्युझियममध्ये शेवटचा कधी गेला होतास?"

"शाळेच्या सहलीत."

"अडकित्ते आठवतात? दिवे? तुझ्यासारख्यांनी अडगळ म्हणून काढलेल्या असल्याच वस्तू दिनकर केळकर आयुष्यभर गोळा करत हिंडले आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. लोक तिकीट काढून अडकित्ते बघतात."

"मास्तर, ते म्युझियम आहे. माझा हॉल बारा बाय दहा आहे."

यावर मास्तरसुद्धा हसले. आणि मला वाटतं, बापूचा मुद्दा चुकीचा नव्हता. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांच्या घरी मी गेलोय. दारात बैलगाडीचं चाक, कोपऱ्यात जातं, टीपॉयवर पानदान, भिंतीवर सूप, आणि पाहुण्याला बसायला मोड्याची एक कड. वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या माणसाने वाडाही बरोबर उचलून आणला की असं होतं.

पण मास्तर थांबणारे नव्हते. "मी ठेव म्हणत नाहीये. आधी हॉल रिकामा कर म्हणतोय. दोन दिवस फक्त दिवाण आणि दोन खुर्च्या. मग एकेक वस्तू आत आण, आणि जी आणायचं तुझ्या लक्षातच राहणार नाही ती विक. आणि ती ट्यूब बदल आधी. तुझ्या हॉलमध्ये बसलं की रक्त तपासायला आल्यासारखं वाटतं."

शिऱ्याने मान डोलावली. ही मात्र दोनशे-तीनशे रुपयांत होणारी गोष्ट. बापूकडे ६५०० केल्विनचा पांढराफटक उजेड आहे. (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा.) त्याऐवजी २७०० किंवा ३००० लिहिलेले दोन नऊ वॅटचे बल्ब, एक दिवाणाच्या कोपऱ्यात खाली आणि एक कपाटाच्या बाजूला, म्हणजे भिंतीला रंग न देताही भिंत वेगळी दिसते. "खोक्यावर वाचून घे," शिऱ्या म्हणाला, "दुकानदाराला नुसता 'पिवळा' मागितलास तर तो काहीही देईल."

आता मला माझी कहाणी सांगणं भाग होतं, कारण शिऱ्या माझ्याकडे बघून आधीच हसायला लागला होता. दोन वर्षांपूर्वी मी जुन्या बाजारातून एका रविवारी सागवानी खिडकी उचलली, लोखंडी गजांसकट. म्हटलं, आरसा बसवू, हॉलला वाड्याचा लुक येईल. गॅलरीत बसून पॉलिश पेपरने घासायला घेतली. वर पांढरा ऑइलपेंट, त्याच्या खाली आकाशी, त्याच्या खाली तो वाड्यांचा हिरवा, आणि मग कुठे लाकूड. तीन पिढ्यांचे रंग बोटाखाली सुटत होते, मला काय कौतुक! शर्टावर हिरवी पूड, भुवयांवर पूड, वाळत घातलेल्या कपड्यांवर पूड. मास्तर सहज म्हणून आले आणि दारातूनच ओरडले.

कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ९० भागांच्या, वर नको हा नियम आपल्याकडे लागू झालाच मुळी नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगात किती असेल याची काही हमी नाही. असा रंग कोरडा घासायचा नसतो, लहान मूल असलेल्या घरात तर मुळीच नाही, आणि माझी पोरगी तेव्हा चार वर्षांची होती. गॅलरी ओल्या फडक्याने तीनदा पुसली, कपडे पुन्हा धुतले, खिडकी सुताराकडे गेली. आरसा, सुतार, पॉलिश धरून ती मला एवढ्याला पडली की तेवढ्यात नवी फ्रेम आली असती. छान दिसते, नाही असं नाही. पण आकडा मी घरात अजून सांगितलेला नाही.

"मग स्वस्तात काय होतं ते तरी सांगा!" बापू वैतागला.

"साड्या," पमी म्हणाली. पमी शिवणकाम करते, आणि इतका वेळ ती या एका प्रश्नाची वाट बघत होती. "घरात सुती साड्या किती पडल्यात?"

"बोहारीण येत नाही आता, त्यामुळे ढीग आहे."

"झालं तर. साडी साडेपाच मीटर. मधोमध कापली की पावणेतीन मीटरचे दोन तुकडे, म्हणजे नऊ-नऊ फूट. तुझं दार सात फुटांचं. वर दांडी जाईल एवढी पट्टी दुमडली, खाली चांगली रुंद दुमड घातली की एका साडीत दाराचे दोन पडदे. काठ आयते. शिलाई फक्त वर आणि खाली, बाजूंना मारायचीच नाही."

बापूने पहिल्यांदाच मोबाइल काढून काहीतरी लिहून घेतलं.

"पण साडी उन्हासमोर धरून बघ आधी," पमी पुढे म्हणाली. "निऱ्यांच्या जागी आणि फॉलच्या वर कापड विरलेलं असतं. हाताने ताणलं की फाटतं. तसली पडद्याला नको. तिच्यातला पदराकडचा चांगला भाग काढ, आतून जुन्या चादरीचं अस्तर लाव आणि धावदोरा घाल, उशांचे अभ्रे होतील. आणि वहिनींची रेशमी कापायला काढलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. उन्हात रेशीम सडतं, जरीची तार घडीवर तुटते. जाईल वाया."

"म्हणजे गोधडीच झाली की ही," मास्तर म्हणाले.

"मग दुसरं काय? आजी गोधडी शिवायची तेव्हा त्याला कुणी डेकोर म्हणत नव्हतं. डालड्याच्या डब्यात तुळस लावायची, त्यालाही नाही. थंडी वाजायची म्हणून गोधडी आणि कुंडीला पैसे नव्हते म्हणून डबा."

इथे वाद खरा पेटला, कारण मास्तरांना ते पटेना. त्यांचं म्हणणं, गरज होती हे खरं, पण गोधडीच्या मधला चौकोन लाल आणि चहूबाजूंनी निळा हे काही गरजेने ठरलं नव्हतं. त्या बाईने ते बसून जुळवलं होतं. पमीचं म्हणणं, जुळवलं होतं ते वापरायच्या वस्तूवर. भिंतीवर टांगायला नव्हे. शिऱ्या म्हणाला, तुमचं दोघांचं एकच चाललंय. दोघांनीही त्याला गप्प केलं. मी मनातून पमीच्या बाजूचा, खिडकीच्या अनुभवानंतर तर जास्तच. त्या खिडकीतून ना वारा येतो ना बाहेरचं दिसतं. जी वस्तू काही करत नाही, तिच्यावरची धूळ मात्र दर रविवारी आपल्याला साफ करावी लागते.

"मग माझा बंब काय करतो?" बापू मूळ पदावर आला. "कुणी पाणी तापवणारे का त्यात? गॅलरीत निखारे केले तर सोसायटीची नोटीस येईल."

कुणाकडे उत्तर नव्हतं. शिऱ्याने पाणी भरून झाड लावायचं सुचवलं, ते पमीने उडवून लावलं. साठलेलं पाणी, डेंग्यूचे दिवस, आणि तीन नणंदा. मास्तर म्हणाले, माझ्याकडे दे. बापू म्हणाला, किलोच्या भावाने घ्या. मास्तरांनी दुसरा चहा सांगितला.

तेवढ्यात बापूचा फोन वाजला. वहिनी. स्पीकर चालू नव्हता, पण वहिनींना स्पीकर लागत नाही.

"अहो, त्या भंगारवाल्याला सांगितलंत का काही? नका सांगू. बंब मी दाराशी ठेवलाय."

"दाराशी? कशाला?"

"छत्र्यांना. मधल्या धुराड्यात दोन बरोब्बर बसतात. ओली असली तरी पाणी जाळीतून खाली राखेच्या जागी उतरतं, तिथे मी एक जुनी ताटली सरकवलीये. काढली की ओतून टाकायची. आणि येताना चिंच आणा, घासायला. पाव किलो."

बापूने फोन खिशात टाकला. बाहेर ऑक्टोबरचा पाऊस नुकताच थेंब थेंब सुरू झाला होता, आणि त्याची छत्री घरी होती.