पिंट्याच्या पिकअपला कट्ट्याचं पासिंग

पिंट्यानं मोबाईल सगळ्यांपुढं धरला आणि म्हणाला, "सांगा, घेऊ का नको?" फोटोत पांढरी पिकअप. मार्च २०२१ ची, एमएच-१०, दीड टनाचं पासिंग, एक लाख चाळीस हजार किलोमीटर, मागणी पाच लाख वीस हजार. हौद्याला ताजा रंग.

"ताजा रंग दिसला की मला खालची चेसी बघावीशी वाटते," अण्णा म्हणाले. तिथनं जे सुरू झालं ते विश्रामबागच्या चौकातला चहाचा गाडा बंद होईपर्यंत काही थांबलं नाही.

गाडी निर्दोष आहे असं कुणीच म्हणत नव्हतं. त्या मॉडेलची ख्याती लाईनवरच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह, चोकअप होतो, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, भरते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि मग गाडी जोरच सोडते. लोड असला तर खंबाटकी घाटात मागच्यांच्या शिव्या खात चढायचं. हे एवढं माहीत असताना गाडी घ्यावी का, यावर आमची जुंपली.

बापू घ्यायच्या बाजूचा. सांगली-वाशी भाजीपाल्याच्या लाईनवर त्याची उमर गेली. "लगा, माहीत असलेला आजार कधीही बरा. सगळ्यांनी नावं ठेवली म्हणून तर भाव पडलाय. पार्ट मिळतोय, मिस्त्री मिळतोय. नवीन गाडीला काय हप्ता बसतो बघितलास का?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "ते सोड. पिंट्या, तू गाडी चालवणार कुठं?"

पिंट्याचा धंदा पाण्याच्या जारचा. सकाळी विश्रामबाग, कुपवाड रोड, दुपारी जमलं तर मार्केट यार्डातनं मिरजेला किराणा. दर दोनशे मीटरवर गाडी उभी, जार उतरवा, रिकामे चढवा, पुन्हा चावी.

"मग ही गाडी तुझी न्हवं," अण्णा म्हणाले.

कट्ट्यावरचा इंजिनीअर कुपवाडच्या एमआयडीसीत असतो, बोलायला लागला की ड्रॉइंग काढल्यासारखं बोलतो, पण या विषयात त्याचं ऐकावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स, म्हणजे धुराचा नवा कडक नियम, आला आणि डिझेलच्या धुरातली काजळी धरायला सायलेन्सरच्या लाईनीत ही डीपीएफची जाळी बसली. भरली की ती आपोआप जाळून साफ व्हायची. त्यासाठी इंजिन जादाचं डिझेल सोडतं आणि आतलं तापमान सहाशे डिग्रीच्या आसपास न्यावं लागतं. गाडी हायवेला एका चालीनं पंधरा-वीस मिनिटं पळाली की काम होतं. दर दोनशे मीटरवर चावी फिरवली तर ते अर्ध्यात तुटतं. पुन्हा सुरू, पुन्हा तुटलं.

"आणि ते जादाचं डिझेल जातंय कुठं?" त्यानं स्वतःच विचारलं आणि स्वतःच सांगितलं. "थोडं पिस्टनच्या कडेनं खाली उतरून ऑइलमध्ये. डिपस्टिक काढली आणि ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं तर मालकानं टॉपअप केलंय म्हणून खूश होऊ नको. बोटावर घे, चोळ, वास घे. पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास, म्हणजे बेअरिंगचं आणि टर्बोचं आयुष्य चाललं."

बापूकडं याचं औषध तयार होतं. "जाळी फोडून रिकामी करायची, मॅप मारायचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलायचा, दिवा विझला. निम्म्या गाड्या तशाच पळत्यात."

हे खरं आहे, आणि माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात वाईट सल्लाही हाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं लिहिलंय. त्यात ही पिवळ्या पाटीची गाडी. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढं दर साली फिटनेसला उभी राहणार. आज विझवलेला दिवा तिथं कोण विचारेल आणि कधी विचारेल, याची टांगती तलवार पाण्याच्या जारवर संसार चालवणाऱ्यानं कशाला घ्यायची? आणि आधीच्या मालकानं हे करून ठेवलं असेल तर ती तलवार पाच लाख वीस हजारांत पिंट्या स्वतःच विकत घेणार. म्हणून चावी फिरवली की इंजिनाचा दिवा आधी लागला पाहिजे आणि स्टार्ट झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर गाडीत पाऊलही ठेवू नये.

अण्णांच्या मनात मात्र वेगळंच होतं. "मार्च २१ ची गाडी. त्या जुलैत कुठं होती?"

सगळे गप्प. सांगलीत हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० च्या वर गेलं. त्या दोन पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठल्या कुठल्या जिल्ह्यात विकल्या गेल्या, आणि काही इथंच राहिल्या. अण्णांनी यादीच दिली. सीटबेल्ट पार शेवटापर्यंत ओढायचा, जिथवर पाणी आलं तिथं पट्ट्यावर डागाची रेघ दिसते. सीटच्या रुळाखाली, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात नख घालायचं, कृष्णेचा गाळ वाळला की मैद्यासारखा बारीक होतो आणि सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशरला तिथं जागा मिळत नाही. वायरिंगच्या कपलरमध्ये हिरवट बुरशी दिसली तर विषय संपला. जुन्या पंपाची गाडी असती तर वाळवून पळाली असती. हिच्यात सगळे सेन्सर, एकेक करून वर्षभर रडवतात.

इथं इंजिनीअर अमेरिकेत पोचला. फोर्डच्या पिकअपमध्ये २००३ ते २००७ दरम्यान सहा लिटरचं डिझेल इंजिन होतं, तिकडं ते आजही कुप्रसिद्ध आहे. ऑइल कूलर चोक व्हायचा, त्यामुळं ईजीआर कूलरला कुलंट पुरेना, तो फुटायचा, आणि शेवटी हेड उचलून गॅस्केट जायचं. "तरी लोक ते घेतात. कूलर बदललेत, हेडला मजबूत स्टड टाकलेत, त्याची बिलं दाखव म्हणतात, मग पैसे."

"हेच तर मी म्हणतोय की!" बापू उसळला.

"तू बिलाचं नाव तरी घेतलंस का?" अण्णा.

पण बापूचा मुद्दा पडला नाही, हेही खरं. हीच गाडी त्यानं घेतली तर त्याच्या वाशीच्या लाईनवर डीपीएफ रोज रात्री हायवेला साफ होईल आणि ती सुखानं पळेल. ती पिंट्याला जाचणार, आणि दोघांत फरक फक्त कुपवाड रोडचा. पिंट्याला मी सुचवलं ते असं, की २०१८-१९ ची, आधीच्या बीएस-फोर नियमातली बघ, जाळी नसलेली. इंजेक्टर, क्लच, पाटे यांवर खर्च येईल, आठ वर्षं भरली की दर साली फिटनेसही येईल, पण तुझ्या चालीला ती सोसेल.

पिंट्याचं मन फोटोतच होतं. "एकदा बघून तरी येऊ. एजंट म्हणतोय सिंगल हँड आहे, एकाच मालकाची."

मग बघायचं कसं ते ठरलं. आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का, असेल तर एनओसी. दंडाची चलनं थकलीत का. विम्याचा क्लेम २१ साली घेतलाय का. इंजिनीअर ऑफिसातला स्कॅनर आणणार, काजळी किती भरलीय आणि बिघाडाचे कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर पळाली हे बघायला. कारण काल रात्री पुसलेले कोड आज स्वच्छच दिसणार. आणि गाडी थंड पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी. पहिल्या सेल्फला किती फिरते, धूर कुठला येतो, ऑइलची कॅप उघडली की भपकारा मारते का, हे थंड इंजिनच सांगतं.

पिंट्यानं तिथनंच फोन लावला, स्पीकरवर. "मालक, उद्या सकाळी सातला येतो गाडी बघायला."

"या की दादा, बिनधास्त या," पलीकडनं आवाज आला. "गार गाडी काय बघताय? साडेसहालाच चालू करून गरम ठेवतो."

अण्णा पिंट्याला म्हणाले, "सहाला जाऊ."