भोकराच्या एका रोपासाठी

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत एक झाड लावायची परवानगी दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एकदाची मिळाली. कोणतं लावायचं, असं आईला विचारलं. ती हातातली भाजी निवडत म्हणाली, "भोकर लाव." म्हणून परवाच्या रविवारी मी आणि आई सकाळी साडेसहाला घर सोडलं आणि थेट सोलापूर रस्ता धरला.

हडपसर मागे पडलं, लोणी काळभोर गेलं आणि सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवी शेडनेट दिसायला लागली. पुण्यातल्या कितीतरी बंगल्यांची, सोसायट्यांची आणि ऑफिसांची झाडं इथूनच येतात. एक पाऊस होऊन गेला होता. काळ्या पिशव्यांतून ओल्या लाल मातीचा वास येत होता. टेम्पो भरले जात होते, बायका ओणव्या होऊन रोपांमधलं तण काढत होत्या. मला ही जागा मनापासून आवडते. डोळा भरणं, गुटी बांधणं ही कलमं करायची कामं इथली माणसं ज्या हातानं करतात ना, तो हात वर्षानुवर्षांच्या सवयीनंच येतो. एक मुलगा पेरूच्या फांदीची रिंगभर साल काढून तिथे ओलं शेवाळ गुंडाळत होता. दर फांदीला मिनिटभरसुद्धा लागत नव्हतं.

आम्ही सहा रोपवाटिका फिरलो. सहाही ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला आणि पाच ठिकाणी जवळपास एकच उत्तर मिळालं. "भोकर? नाही हो ताई, त्याला गिऱ्हाईक नाही." मग काय आहे? अरेका पाम, फायकस, ड्रॅसिना, क्रोटन, रांगाच्या रांगा. कोनोकार्पस तर पाहिजे तेवढा, सहा फुटी, आठ फुटी. गुजरातनं २०२३ मध्ये ज्याच्या लागवडीवर बंदी घातली, ते झाड इथे कुंपणासाठी हातोहात खपतं. मग आपली देशी झाडं विचारली. मेडशिंगी, नाही. कौशी विचारली, तर नावच नवीन. बहावा आणि ताम्हण मात्र मिळाले. लोक आता मागतात म्हणून ठेवतो, असं एकानं सांगितलं. हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत होते.

रोपवाटिकावाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं पोट विक्रीवर आहे. तीन-तीन वर्षं पाणी घालून वाढवलेलं झाड कोणी उचललंच नाही तर त्यांनी काय करायचं? झाडांची यादी आपण देतो. बिल्डर देतो, लँडस्केपवाला देतो, सोसायटीची कमिटी देते. आणि त्या यादीची पहिली अट असते की 'कचरा होता कामा नये'. पान गळायला नको, फळ पडायला नको, पक्षी यायला नकोत. भोकर या अटीत बसूच शकत नाही. त्याचं पिकलेलं फळ चिकट, गुलबट, खाली पडून फुटणारं. आईच्या लहानपणी शिरूरकडे त्याच्या चिकानं पतंग चिकटवायचे आणि वह्यांना कव्हरं घालायचे. कच्ची फळं फोडून, मिठात काडी बुडवून आतली चिकट बी काढायची आणि मग ती फळं कैरीच्या लोणच्यात टाकायची. अजून उन्हाळ्यात मंडईत भोकरं येतात, लोक घेतातही. फळ चालतं, झाड नको.

एका ठिकाणी 'एल-४९' अशी चिठ्ठी लावलेली पेरूची कलमं होती. आईनं एक घेतलं, ऐंशी रुपयांना. घेताना तिनं पिशवी उलटी करून बूड बघितलं. मुळं बाहेर येऊन गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप घ्यायचं नाही, मग ते कितीही टवटवीत आणि फुललेलं असो. हे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. हा 'एल-४९' म्हणजेच सरदार पेरू. त्याची निवड १९२७ मध्ये आपल्याच पुण्यातल्या गणेशखिंडीच्या फळबागेत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी केली. १८७३ पासूनची ती सरकारी बाग आहे आणि २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जाही मिळाला. म्हणजे शहरातल्या एका सार्वजनिक बागेत कुणीतरी रोपांच्या गर्दीतून एक नेमकं झाड हेरलं, त्याची कलमं झाली आणि आज सोलापूर रस्त्यावरच्या पिशवीत ते आपल्याला मिळतं. मग हेच कौशीचं, मेडशिंगीचं, भोकराचं का होऊ नये? सार्वजनिक बागांनी आपल्या जुन्या झाडांचं बी गोळा करावं, रोपं करावीत, नाव लिहून विकावीत. दरवर्षी पाचशे रोपं झाली तरी गिऱ्हाईक तयार होईल. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मला अगदी कळकळीनं मांडायचं आहे.

परत येताना एम्प्रेस गार्डनला थांबलो. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला तिथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी मात्र ३९ एकरांत निवांत सावली. एकेकाळी हे 'सोल्जर्स गार्डन' होतं. अंगाखांद्यावर जाडजूड वेली घेतलेल्या त्या उंच झाडांखाली आई बाकावर बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. इथे पानांचा खच पडलेला असतो. तो कुणालाही कचरा वाटत नाही. तिथेच डबा उघडला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो, तेही घराच्या वाटेवर म्हणून. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते बेतलेलं आहे. पाणी, दगड, हिरवळ, सगळं नेटकं. आईला ते फार आवडलं, मलाही.

सहाव्या रोपवाटिकेचं सांगायचं राहिलं. तिथले आजोबा भोकर म्हटल्यावर हसले आणि आम्हाला विहिरीमागच्या बांधावर घेऊन गेले. झाड तिथे होतं, कुणी न लावलेलं, पक्ष्यांनी आणलेलं. खाली सडा आणि सड्यात वीतभर उगवलेली पिल्लं. त्यांनी खुरप्यानं मुळांसकट मातीचा गड्डा उचलला आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत दोन रोपं घालून दिली. पैसे घेईनात. आईला म्हणाले, "मावशी, लोणचं घातलंत की एक बरणी इकडं धाडा."

दोन्ही रोपं सध्या गॅलरीत सावलीला आहेत. एकानं पान टाकलंय, दुसरं धरलंय. जमिनीत जाईल ते श्रावणाआधी. तुमच्या गल्लीत, शाळेत, देवळामागे भोकराचं झाड असेल तर खाली जागा लिहा. बी गोळा करायला मी येईन.